टोपलीत कोण बसणार? शाळेची एक सहल आणि बलूनच्या विज्ञानाचा इतिहास

गेल्या डिसेंबरात आठवडाभर घरी होते. घर लोट्याच्या पुढे, मुंबई-गोवा हायवेपासून थोडं आत. रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: लोटे हे खेड आणि चिपळूणच्या मधलं गाव. परशुरामाचं देऊळ जवळ, घाट उतरला की वाशिष्ठी, आणि गावाला लागून रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत. आमच्या भागातल्या मुलांना आवर्त सारणी शिकायच्या आधी शिफ्टचे भोंगे कळतात.

तर तिथल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा फोन आला. "यंदा पोरांना लोणावळ्याकडे न्यावं म्हणतोय. गरम हवेच्या बलूनमध्ये बसवू. पण मंजुरीच्या अर्जात 'शैक्षणिक उद्देश' असा रकाना आहे. तू पीएचडी करतेस ना? तेवढं अर्धं पान लिहून दे."

मी लगेच हो म्हटलं. माझं संशोधन हवेतल्या सूक्ष्म कणांवर आहे, त्यामुळे विषय घरचाच. पंधरा मिनिटांत लिहून होईल असं वाटलं. 'विद्यार्थ्यांना आर्किमिडीजचं तत्त्व व चार्ल्सचा नियम प्रत्यक्ष अनुभवता येईल' असं एक वाक्य लिहिलंही. मग थांबले. टोपलीत बसलेल्या मुलाला चार्ल्सचा नियम नेमका कुठे दिसणार? त्याला दिसणार खालची शेतं, आणि येणार पोटात गोळा. हे वाईट नाही, पण याला विज्ञानाची सहल का म्हणायचं?

तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करतायत, त्यांना पुढे संशोधन आराखड्यात 'उद्दिष्टं' नावाचा असाच रकाना भरायचाय. तोही बहुतेकजण असाच भरतात. म्हणून त्या अर्ध्या पानासाठी मी जे वाचलं, ते इथे मांडते. प्रश्न एवढाच ठेवला होता: बलूनमधून वर गेलेली माणसं खाली येताना काय घेऊन आली?

मेंढी, बदक आणि कोंबडा

सुरुवात फ्रान्समध्ये. ४ जून १७८३ रोजी आनोने गावात माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा मोठा फुगा जाहीरपणे सोडला. दोघं कागदाच्या धंद्यातले. गंमत अशी की फुगा का उडतो, याचं त्यांचं उत्तर चुकीचं होतं. धुरातच काहीतरी हलका वायू असतो असं त्यांना वाटे, म्हणून ओला पेंढा आणि लोकर जाळून ते मुद्दाम दाट धूर करत. प्रत्यक्षात उचलणारी होती गरम, म्हणजे विरळ झालेली हवा. यंत्र चाललं म्हणून सिद्धांत बरोबर ठरत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

१९ सप्टेंबर १७८३ ला व्हर्सायमध्ये राजासमोर दुसरा फुगा उडाला. त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. ही निवड विनोदी वाटते, पण विचार करून पाहा. बदक तसंही उंच उडतं. त्याला काही झालं, तर दोष उंचीचा नव्हे, फुग्याचा. कोंबडा पक्षी असूनही उंच उडत नाही. मेंढी आपल्यासारखी जमिनीवरची. आजच्या भाषेत बदक म्हणजे कंट्रोल.

तिघंही जिवंत उतरले, पण कोंबड्याच्या पंखाला इजा दिसली. झालं! उंचीवरच्या हवेचा परिणाम अशी चर्चा सुरू झाली. मग साक्षीदार निघाले. उड्डाणाच्या आधीच मेंढीने कोंबड्याला लाथ मारलेली त्यांनी पाहिली होती. उड्डाणाआधी प्राण्यांची स्थिती कोणी नीट नोंदवली असती, तर हा घोळ झालाच नसता. प्रयोगापूर्वीची नोंद म्हणजे बेसलाइन. ती नसली की काय होतं, हे मी तेव्हापासून ज्युनियर्सना या कोंबड्यावरूनच सांगते.

२१ नोव्हेंबर १७८३ ला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघं पॅरिसवरून मोकळे उडाले. लगेच १ डिसेंबरला जाक शार्ल हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेला. पाठ्यपुस्तकातल्या चार्ल्सच्या नियमातला चार्ल्स तो हाच. त्याने तो नियम स्वतः प्रसिद्धच केला नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने प्रसिद्ध केला आणि श्रेय शार्लला दिलं. म्हणजे आपल्या अकरावीच्या धड्यातले दोन्ही शास्त्रज्ञ बलूनवाले होते.

बाटलीतून आणलेली हवा

३० नोव्हेंबर १७८४ ला जॉन जेफ्रीज हा डॉक्टर ब्लांशारसोबत लंडनहून उडाला. सोबत थर्मामीटर, बॅरोमीटर, आर्द्रतामापक. आणखी एक गोष्ट त्याने नेली होती, ती म्हणजे हवा भरून आणायच्या बाटल्या. हे नमुने पुढे हेन्री कॅव्हेंडिशने तपासले.

वीस वर्षांनी, १६ सप्टेंबर १८०४ रोजी, गे-ल्युसॅक एकटाच ७,०१६ मीटरपर्यंत गेला. आतली हवा काढून टाकलेली काचेची भांडी त्याने नेली होती. वर गेल्यावर तोंड उघडायचं, हवा आत शिरली की पुन्हा बंद करायचं. खाली येऊन तपासल्यावर कळलं, की एवढ्या उंचीवरही हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीसारखंच आहे. वर दम लागतो कारण हवाच विरळ असते. तिची घडण मात्र तीच. बाटली नेली नसती, तर 'वर श्वास घ्यायला त्रास झाला' एवढंच तो सांगू शकला असता. बाटलीमुळे त्रासाचं कारण काय नाही, तेही कळलं.

इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशरने तर वहीचा हट्टच धरला. ५ सप्टेंबर १८६२ ला तो आणि हेन्री कॉक्सवेल वुल्व्हरहॅम्प्टनहून निघाले. सुमारे ८,८०० मीटरला ग्लेशरची शुद्ध हरपली. कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झालेले. त्याने झडपेची दोरी दातात धरून ओढली आणि दोघं वाचले. शुद्धीवर आल्याआल्या ग्लेशरने पुन्हा आकडे टिपायला घेतले. फुगा त्याआधी किती उंच गेला, याबद्दल त्याने नंतर अंदाज बांधले, पण विश्वासाने वापरता येतं ते त्याचं शेवटचं वाचन. कारण त्यापुढे वाचणारा बेशुद्ध होता.

सगळेच वाचले नाहीत. १५ एप्रिल १८७५ ला 'झेनिथ' बलूनमधल्या तिघांपैकी क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल प्राणवायूअभावी मेले, तिसांदिए तेवढा वाचला. मोजमाप करायला माणूस वर पाठवायची ही किंमत होती.

परळची गर्दी

आपल्याकडे बलून आलं ते बहुतांशी करमणूक म्हणून. १८८९ च्या सुरुवातीला पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवाल्याने मुंबईत परळला उड्डाण केलं आणि वरून पॅराशूट घेऊन उडी मारली. लोकांनी गर्दी केली. तिथून तो कलकत्त्याला गेला. तिथे सर्कशीतला कसरतपटू रामचंद्र चॅटर्जी त्याच्याकडून हे शिकला आणि ४ मे १८८९ ला एकटा बलूनमधून वर गेला. परक्या राज्यात एका भारतीयाने टोपलीत एकट्याने उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण माझा प्रश्न विचारला, तर उत्तर सरळ आहे. परळच्या उड्डाणातून हवेबद्दल नवीन काही कळलं नाही, आणि तसा दावाही कुणी केला नव्हता. खेळ होता, खेळ म्हणून झाला. गडबड तेव्हा होते, जेव्हा खेळाच्या तिकिटावर आपण 'शैक्षणिक' असा शिक्का मारतो.

माणूस खाली राहिला

विसावं शतक उजाडताना खरी कलाटणी मिळाली. फ्रान्समध्ये तेस्राँ द बोर याने माणूस वगळला आणि फक्त यंत्रं वर पाठवायला सुरुवात केली. त्याला दिसलं की सुमारे ११ किलोमीटरच्या वर तापमान घटायचं थांबतं. त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. उन्हाने थर्मामीटर तापत असेल अशी शंका आली, म्हणून त्याने रात्रीही फुगे सोडले. दोनशेहून अधिक उड्डाणांनंतर १९०२ मध्ये त्याने निष्कर्ष जाहीर केला. आज आपण त्या थराला स्थितांबर म्हणतो.

माणूस लगेच पूर्ण हद्दपार झाला नाही. ७ ऑगस्ट १९१२ ला व्हिक्टर हेस ५,३५० मीटरपर्यंत गेला आणि उंचीबरोबर हवेतलं आयनीभवन वाढतं, म्हणजे किरणोत्सार बाहेरून येतो, हे दाखवलं. विश्वकिरणांच्या या शोधासाठी त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. पण त्यानंतर उंचीची कामगिरी यंत्रांकडेच गेली.

भारतात हवामान खातं आग्र्याहून यंत्रं बांधलेले फुगे सोडत असे. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. तेव्हा खात्यात असलेल्या के. आर. रामनाथन यांनी आग्र्याच्या आणि इतर ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडून १९२९ मध्ये 'नेचर'मध्ये लेख लिहिला. वातावरणाच्या खालच्या भागातली सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या डोक्यावर, सुमारे १७ किलोमीटरवर आहे, असं चित्र त्यातून पुढे आलं. पुण्यात बसून जुनी वाचनं शेजारी शेजारी ठेवणाऱ्या माणसाचं हे काम. तो स्वतः कुठेही उडाला नव्हता.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे चिठ्ठी. रेडिओने आकडे खाली पाठवायची सोय येण्यापूर्वी फुगा वर फुटायचा, यंत्र कुठेतरी पडायचं आणि नोंद त्या यंत्रातच असायची. म्हणून त्याला चिठ्ठी बांधत: सापडल्यास परत करा, बक्षीस मिळेल. शेतात ते यंत्र सापडलेल्या माणसाने ते फेकून दिलं असतं, तर सगळी मेहनत पाण्यात. ज्याचं नाव कुठल्याही शोधनिबंधात नाही, अशा माणसाच्या प्रामाणिकपणावर हे विज्ञान उभं होतं.

मुंबईत होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, बलूनचं काम सुरू केलं. पुढे १९६९ पासून संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला उभं राहिलं. हैदराबादच का? विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे विश्वकिरण अडवतं, त्यामुळे उपकरणांना त्रास कमी. आणि चहूबाजूंना पठाराची जमीन, त्यामुळे उतरलेलं उपकरण परत मिळतं. आमच्या कोकणात सोडलं तर एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचे कडे. शोधणार कोण?

२००५ ची दोन उड्डाणं

आता एकाच वर्षातल्या दोन तारखा बघा. दोन्हींचं महाराष्ट्राशी नातं आहे.

२० एप्रिल २००५. हैदराबादच्या केंद्रातून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा, म्हणजे साधारण साडेसात लाख घनमीटरचा, बलून सुटला. खाली ४५९ किलोचं उपकरण. त्यात निर्जंतुक केलेल्या, आतून निर्वात अशा पोलादी नळकांड्या, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्या एकेक करून उघडल्या आणि हवा भरून पुन्हा बंद झाल्या. गे-ल्युसॅकची काचेची भांडी आठवतात? तीच युक्ती, दोनशे वर्षांनी. या इस्रोच्या प्रयोगाचे प्रमुख अन्वेषक होते पुण्याच्या आयुकाचे डॉ. जयंत नारळीकर. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये झाली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. २००९ मध्ये त्यातल्या तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर झाल्या: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही इस्रोने त्याच निवेदनात सांगितलं. बातम्यांचे मथळे काहीही असोत, हे वाक्य लक्षात ठेवा. थीसिसच्या शेवटच्या प्रकरणात तुम्हाला असं एक वाक्य लिहावं लागेल, आणि ते लिहिताना हात जड होईल.

२६ नोव्हेंबर २००५. उद्योगपती विजयपत सिंघानिया वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून उडाले. हवाबंद केबिनमध्ये बसून ते २१,०२७ मीटरवर पोचले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. गरम हवेच्या बलूनच्या उंचीचा तो जागतिक विक्रम ठरला. तिथली हवा जमिनीच्या सुमारे सोळाव्या भागाइतकीच दाट. एवढ्या विरळ हवेत गरम हवेवर तरंगणं हे अभियांत्रिकीचं आणि धाडसाचं काम आहे, ते कमी लेखायचं कारण नाही.

पण आपला प्रश्न तोच. एका उड्डाणातून आकडा आला, दुसऱ्यातून नमुना. विक्रम नोंदवला की पूर्ण होतो. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, दुसरा माणूस तो तपासू शकतो, तुमच्याशी भांडू शकतो. मी त्या रकान्यासाठी शोधत होते ते हेच.

आणि गाडी फिरून पुन्हा राइडवर आलीच. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात अवकाशयानासारखी भलीमोठी वस्तू उतरली आणि लोक परग्रहवासी समजून पाहायला धावले. ती होती एका परदेशी कंपनीच्या पर्यटन-बलूनची चाचणी कुपी, हैदराबादच्या त्याच केंद्रातून सोडलेली. विश्वकिरणांसाठी उभ्या राहिलेल्या केंद्रातून आता पर्यटकांच्या टोपलीची चाचणी झाली.

माझी चूक

एवढं वाचून मी शाळेत गेले. नववीच्या वर्गात बलूनबद्दल बोलले. एकाने विचारलं, "ताई, फुग्यातला हेलियम आपल्या विजयदुर्गावर सापडला ना?" मी म्हटलं, हो, १८६८ च्या ग्रहणात, लॉकियर नावाच्या साहेबाने. लहानपणापासून हेच ऐकलंय, दरवर्षी मोबाइलवर येतंही.

घरी येऊन तपासलं, आणि कान लाल झाले. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण तेव्हा गुंटूरला निरीक्षण करत होता तो जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. तिथूनच त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नव्हती, त्यावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम रॅम्झेने १८९५ मध्ये वेगळा केला. लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहणही खरं. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन मी चूक कबूल केली. सर म्हणाले, "एवढं काय त्यात?" पण मुलांना पंखावर लाथ खाल्लेल्या कोंबड्याची गोष्ट मीच सांगितली होती. आता मागे फिरता येत नव्हतं.

लोट्याची सकाळ

मुलांनी मग खरा प्रश्न काढला. बलून पहाटेच का उडवतात?

फळ्यावर गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या दाबाला ३५३ या आकड्याला केल्विनमधल्या तापमानाने भागलं, की हवेची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये मिळते. हिवाळ्यातल्या पहाटे १८ अंश, म्हणजे २९१ केल्विन: घनता १.२१. बलूनच्या आत १०० अंश, म्हणजे ३७३ केल्विन: ०.९५. फरक सुमारे ०.२७. बलून २,००० घनमीटरचं धरलं, तर ते सुमारे ५३० किलो उचलेल. त्यातच कापड, टोपली, बर्नर, गॅसचे सिलिंडर आणि माणसं आली. आता एप्रिलची दुपार घ्या, ३५ अंश. बाहेरची घनता १.१५, फरक ०.२०, वजन ४०० किलो. म्हणजे तेच बलून, आतलं तापमान तेच, पण दोन माणसं खाली ठेवावी लागतील. चार्ल्सचा नियम दिसला तो इथे, फळ्यावर. टोपलीची गरज पडली नाही.

दुसरं कारण शांत हवा. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. नेहमीच्या उलट. याला तापमानाचा विपर्यास म्हणतात. थंड, जड हवा खाली बसलेली असते, ती वर जायला बघत नाही, म्हणून वारा मंद आणि बलूनवाला खूश.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे धूरपण वर जात नसेल."

बरोबर. आमच्याकडे थंडीच्या सकाळी धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरतो, हे लोट्यातल्या प्रत्येक मुलाने पाहिलंय. ज्या हवेत बलून सुखाने उडतं, तीच हवा धुराला वर जाऊ देत नाही. ऊन चढलं की जमिनीलगतचा थर ढवळला जातो आणि वर अडकलेला धूर काही वेळ खाली ओढला जाऊ शकतो. हे वातावरणशास्त्राच्या पुस्तकात आहे. लोट्यात ते किती वाजता होतं, परिपाठाच्या वेळी होतं का, हे मला पुस्तकातून सांगता येत नव्हतं. तो प्रश्न मोजायचा होता.

बलून नव्हतं. पण १६४८ मध्ये पास्कलकडेही नव्हतं. त्याने मेहुण्याला बॅरोमीटर घेऊन डोंगरावर पाठवलं होतं. आमच्याकडे सडा आहे आणि खाली वहाळ आहे. तीन गट केले: एक वहाळाशी, एक शाळेच्या गच्चीवर, एक पाखाडी चढून सड्यावर. पहिला दिवस फुकट गेला असं मुलांना वाटलं, कारण सगळे थर्मामीटर एकाच बादलीत बुडवले आणि ते एकमेकांशी जुळेनात. तो दिवस मग कोणता किती चुकतो हे लिहून काढण्यात गेला. माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस तोच.

पुढच्या सकाळी सव्वासहा ते नऊ, दर पंधरा मिनिटांनी वाचन. बहुतेक सकाळी सडा वहाळापेक्षा उबदार निघाला. मुलं ओरडली, "विपर्यास सापडला!" तेवढ्यात तीच मागच्या बाकावरची म्हणाली, "पण ताई, सड्यावरचा जांभा दगड रात्री गरमच असतो. थर्मामीटरने हवा मोजली की दगड?"

मी दोन मिनिटं गप्प. ही शंका तेस्राँ द बोरची होती, उन्हाऐवजी दगडाची. डोंगरावर चढलो तरी आपण जमिनीवरच असतो. जमिनीपासून सुटलेली, मोकळी हवा मोजायची, तर थर्मामीटर हवेतच टांगायला हवा. बलूनची गरज मला पहिल्यांदा तिथे पटली, सड्यावर, सकाळी आठ वाजता.

अर्धं पान

रकान्यात शेवटी मी हे लिहिलं:

'उद्देश: हिवाळ्याच्या सकाळी उंचीबरोबर हवेचं तापमान कसं बदलतं, हे मोजणे. विद्यार्थ्यांनी जमिनीवर घेतलेल्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्या अपुऱ्या का आहेत, याचं कारणही दिलं आहे. दोराने बांधलेल्या बलूनमधून परवानाधारक वैमानिकासोबत दोन विद्यार्थी आळीपाळीने तापमान व दाब नोंदवतील. उरलेले विद्यार्थी त्याच वेळी खाली नोंद घेतील. दोन्ही वह्या शाळेत सर्वांना पाहायला ठेवल्या जातील.'

लोट्यात मात्र ज्योतीवर चालणारं बलून उडवायचं नाही, हे सरांना वेगळं सांगितलं. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी उघडी ज्योत नको. लोट्यासाठी बर्नर नसलेला, दोरीला बांधलेला छोटा फुगा आणि त्याला लटकवलेला थर्मामीटर पुरे, तोही रीतसर परवानगी काढून.

मंजुरी अजून आलेली नाही. लोणावळ्याच्या टोपलीत कोण बसणार यावर वर्गात भांडणं झाली, असं सरांनी कळवलंय. मागच्या बाकावरची म्हणे खाली थांबणार आहे. दोन्ही वह्यांतल्या वेळा जुळतात का, ते तिला बघायचंय.

तुमच्या आराखड्यातलं पहिलं उद्दिष्ट आज पुन्हा वाचा. त्यात 'अभ्यासणे', 'अनुभवणे', 'आढावा घेणे' यांपैकी एखादं क्रियापद असेल, तर ते खोडा आणि खाली येताना नेमकं काय घेऊन येणार ते लिहा. अर्धं पान पुरतं. मला आठवडा लागला.